वीरगळावरील पऱ्या



शिल्पकलेवर बोलण्यासाठी मंगळवार पेठेने माझ्यासारख्या कामगार संघटनेच्या माणसाला का उभे केले, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना पडला असेल. मलाही पडला होता. माझे शाळेतील शिक्षण नववीला संपले. पुढे जे काही वाचले ते करवीर नगर वाचन मंदिराच्या टेबलाशी बसून, पाळी सुटल्यानंतर, हातांचा काळेपणा पुस्तकाला लागू नये म्हणून रुमालाने पाने उलटीत. त्यामुळे माझ्या ज्ञानाला शिस्त नाही हे आधीच कबूल करतो. मात्र एक गोष्ट माझ्या बाजूची आहे. पुतळा ही शेवटी ओतकामाची वस्तू आहे, आणि ओतकाम हा माझा धंदा आहे. तीस वर्षे मी फौंड्रीतील माणसांत वावरलो. भट्टीतून रस कसा निघतो, साच्यात हवा कोंडली तर काय होते, आणि त्या रसाखाली माणूस सापडला तर काय उरते, हे मी पाहिले आहे.

आजचा विषय असा की बाईने पाहिलेले पऱ्यांचे स्वप्न आणि माणसाचे मरण ही दोन्ही आपल्या मुलखातील शिल्पात कशी आली. हल्लीच्या कलावंत स्त्रिया या विषयावर काम करीत आहेत. पण मला त्या कामाचे मूळ आपल्या शिवारातच सापडते, म्हणून प्रथम शिवारात जाऊ.

आपण करवीर तालुक्यातील बीडला गेला असाल. शिलाहारांच्या काळातले ते महत्त्वाचे ठाणे. तेथे देवळाभोवती वीरगळ मांडलेले दिसतात. वीरगळ हा शब्द कानडी आहे. कल्लु म्हणजे दगड, वीराचा दगड तो वीरगळ. गावाची गुरे वळवून नेणाऱ्यांशी लढताना किंवा राजाच्या लढाईत जो पडला त्याच्यासाठी हा दगड उभा करीत. तो खालून वर वाचावयाचा असतो. सर्वांत खालच्या पट्टीत लढाई. ढाल, तलवार, कधी गाईंची रांग. तिच्यावरच्या पट्टीत तोच वीर मधोमध आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अप्सरा. त्या त्याला हाताला धरून उचलून वर नेत आहेत. त्याच्याही वर शिवलिंग, बाजूला पुजारी, आणि समोर हात जोडून बसलेला तोच मृत वीर. अगदी वर कलश, आणि दोहों अंगांना चंद्र व सूर्य, म्हणजे हे आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहो.

मृत्यूची याहून सरळ गोष्ट कोणी सांगितली असेल असे मला वाटत नाही. निरक्षर माणसालाही ती वाचता येते. पण ज्या अप्सरा त्या वीराला उचलून नेतात, त्या कोणाच्या स्वप्नातल्या आहेत? त्या पुरुषाच्या स्वप्नातल्या आहेत. तो मेला तर वर त्याला अप्सरा मिळतील, हा त्याला दिलेला शब्द आहे. आमच्याकडे मालक बोनसचा शब्द देतात, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की हा शब्द खरा झाला की नाही हे विचारायला परत कोणी येत नाही.

मग त्या वीराची बायको कोठे आहे? तिचाही दगड आहे. सतीशिळा. कानडी मुलखात तिला मास्तिकल, म्हणजे महासतीचा दगड, म्हणतात. त्यावर बहुधा एका खांबातून फुटलेला हात असतो. कोपरात वाकलेला, पंजा उघडा, मनगटापासून बांगड्या भरलेल्या. काही ठिकाणी अंगठा आणि बोटांच्या बेचक्यात लिंबू. बांगड्या फुटलेल्या नाहीत, म्हणजे सौभाग्य अखंड राहिले, असा त्याचा अर्थ. वीराला तीन पट्ट्या आणि दोन अप्सरा. तिला एक हात. चेहरा नाही. तिचे स्वप्न काय होते ते दगडावर कोठेच नाही, कारण ते कोणी पाथरवटाला सांगितलेच नसणार.

शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरला कोपेश्वराचे देऊळ आहे. स्वर्गमंडपाच्या छताला वर गोल मोकळी जागा ठेवली आहे आणि तेथून आकाश दिसते. बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी आहेत. त्यांचे घडीव काम पाहून हात आपोआप जोडले जातात. पण त्याही स्वर्गातल्याच. कृष्णेवरून घागर आणणाऱ्या बाईला त्या भिंतीवर जागा मिळालेली नाही.

याचा अर्थ बाईला पऱ्यांचे स्वप्न नव्हते असा मात्र नाही. ते होते, पण ते दगडावर न उतरता तोंडी राहिले. श्रावणातल्या कहाण्या आठवा. आदित्यराणूबाईच्या कहाणीत गरीब ब्राह्मण रानात जातो आणि तेथे त्याला नागकन्या, देवकन्या वसा वसताना भेटतात. या देवकन्या कोणाला उचलून स्वर्गात नेत नाहीत. त्या एक वसा सांगतात, आणि तो पाळला की घरात खायला अन्न येते, लेकींची लग्ने होतात. वीरगळावरची अप्सरा आणि कहाणीतली देवकन्या या एकाच कुळातल्या. पण पुरुषाच्या स्वप्नात ती बक्षीस आहे आणि बाईच्या स्वप्नात ती मदतीला आलेली थोरली बहीण आहे. इतिहासाच्या पुस्तकांत हा भेद मला कोणी दाखविला नाही. तो मी माझ्या आईजवळ बसून शिकलो.

आणि बायकांनी आपल्या पऱ्यांना दगड दिलेच नाहीत असेही नाही. दिले, पण पाथरवटाचा हात न लावता. पंचगंगेच्या काठाने, ओढ्यावर, जुन्या विहिरींच्या कडेला सात दगड एका ओळीत शेंदूर लावून मांडलेले असतात. त्या साती आसरा. आसरा हा शब्द अप्सरेवरूनच आला. पोथ्यांत त्यांची नावे मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी अशी येतात. म्हणजे मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर. स्वर्गातून उतरलेली अप्सरा आपल्या बायकांनी पाण्यात आणली आणि तिला बेडकाखेकड्यांत नांदायला लावले. तिला खण, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू वाहतात, ओटी भरतात. कोवळे पोर पाण्याजवळ जाऊ लागले की त्याच आसरांचे भय घालतात. देणाऱ्याही त्याच आणि ओढून नेणाऱ्याही त्याच.

मी सातआठ वर्षांचा असताना आईबरोबर अशा एका विहिरीवर गेलो होतो. सात दगडांच्या बाजूला एक आठवा दगड होता. साधा, तळहाताएवढा, पण त्यालाही शेंदूर. मी मोजून म्हणालो, "आये, ह्ये आठ हाईत." आई म्हणाली, "ती मागनं आली." आणखी काही बोलली नाही. आमच्या वाड्याशेजारची एक सून त्या वर्षी ज्येष्ठात विहिरीत गेली होती हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. पंचनाम्यात पाय घसरला असे लिहिले होते. आमच्याकडे विहीर जवळ केली असे म्हणतात. जणू विहीर ही माहेरची कोणी. त्या मुलीला कोणी वीरगळ उभारला नाही. पण शेजारच्या बायकांनी एक दगड उचलून तिला आसरांच्या पंगतीला बसविले, आणि पुढे वर्षानुवर्षे तिची ओटी भरली. कोणा शिल्पकाराचे नाव त्यावर नाही. माझ्या मते आपल्या जिल्ह्यातील स्त्रियांनी घडविलेले खरे स्मारकशिल्प ते हेच.

आता राजघराण्याकडे येतो, कारण इतिहास म्हटला की आपल्याला राजा लागतो. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले. त्यांच्या मागे राण्या होत्या. त्यांपैकी अंबिकाबाई विशाळगडावर सती गेल्या. ताराबाई सती गेल्या नाहीत. हंबीरराव मोहित्यांची ही मुलगी त्या वेळी पंचविशीची होती, पदरी चार वर्षांचा मुलगा होता. तिने त्याला गादीवर बसवून कारभार हाती घेतला आणि खुद्द औरंगजेब दक्षिणेत छावणी टाकून बसलेला असताना १७०७ पर्यंत सात वर्षे मराठ्यांची लढाई चालविली. करवीरची गादी तिच्यामुळे उभी राहिली. एकाच नवऱ्याच्या दोन बायका, दोघींचे वैधव्य एकाच बातमीने आले. एकीने हात दगडात दिला, दुसरीने तो लगामाला लावला.

कावळा नाक्यावरचा ताराराणींचा पुतळा आपण सर्वजण रोज पाहतो. रवींद्र मेस्त्रींचे ते काम. घोडा पुढचे दोन्ही पाय उचलून उभा आहे आणि राणीच्या हातात तलवार आहे. ओतकाम करणारा माणूस म्हणून सांगतो, असा घोडा उभा करणे म्हणजे वजनाचा मोठा हिशेब आहे. सगळा भार मागच्या अंगावर आणायचा आणि तरी तो पडतो आहे असे वाटू द्यायचे नाही. बाहेरगावचे सोबती आले की मी त्यांना मुद्दाम तेथे उभे करतो. विशाळगडावरील अंबिकाबाईंच्या समाधीकडे मात्र पावनखिंडीच्या वाटेने जाणारे लोक दुर्लक्ष करून पुढे जातात. मी सतीच्या प्रथेचा पाठीराखा नाही हे सांगायला नकोच. पण जी जगली तिला घोडा मिळाला आणि जी मेली तिच्या मनात त्या दिवशी काय होते याची कोणी चौकशी केली नाही, हे मला बोचते. आणखी एक. ताराबाई १७६१ च्या डिसेंबरात वारल्या. पानिपत त्याच वर्षीचे. म्हणजे त्यांनी शहाऐंशी वर्षांचे आयुष्य पाहिले. पन्हाळ्यावर कैद सोसली, साताऱ्याला राजकारण केले, सगळी माणसे डोळ्यांदेखत गेली. ती म्हातारी ताराबाई मला कोठे पुतळ्यात दिसली नाही. आपल्या चौकांत बाई एक तर पंचविशीची असते किंवा देवी असते.

अशा स्थितीत १८९६ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत एका विशीच्या आसपासच्या विद्यार्थ्याने प्लॅस्टरमध्ये एक मूर्ती केली. गणपतराव म्हात्रे हे त्याचे नाव, आणि मूर्तीचे नाव मंदिरपथगामिनी. नऊवारी नेसलेली, हातात पूजेचे साहित्य घेतलेली एक मराठी तरुणी देवळाकडे निघाली आहे. एवढेच. बॉम्बे आर्ट सोसायटीचे पदक तिला मिळाले, आणि तिकडे बंगालमध्ये रवींद्रनाथ टागोरांनी तिच्यावर लेख लिहिला. मी तिचे छायाचित्र वाचन मंदिरात एका जुन्या अंकात प्रथम पाहिले तेव्हा बराच वेळ पान उलटले नाही. ती कोणाला स्वर्गात नेत नाही. कोणाच्या चितेवर चढत नाही. ती देवापाशी काही मागायला चालली आहे आणि काय मागणार हे आपल्याला सांगत नाही. नवऱ्याचे आयुष्य, मूल, सासूचे मरण, काहीही असेल. बाईच्या मनात बाहेरच्याला न कळणारे काही असते, एवढी गोष्ट शिल्पकाराने मान्य केली, ही मला फार मोठी वाटते. अर्थात ती सुखवस्तू घरची आहे. साडीच्या चुण्या इतक्या नीट आहेत की सकाळी धुणी करून आलेली बाई ती नव्हे. ही कुरकुर माझ्या धंद्याची आहे, ती सोडून द्यावी.

धुणी करणारी, मासे विकणारी बाई पुढे विनायकराव करमरकरांनी आणली. अलिबागजवळच्या सासवन्याचा हा माणूस, जन्म १८९१ चा, मृत्यू १९६७ चा. पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधील १९२८ चा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा त्यांचा. त्या स्मारकाची कल्पना आपल्या शाहू महाराजांची, आणि ओतकाम मुंबईला माझगाव गोदीत झाले, म्हणून आम्हा कामगारांना त्याचा दुहेरी अभिमान. पण मला त्यांची सासवन्याच्या घरी जपलेली सिमेंटची माणसे अधिक आवडतात. कोळीण आहे, गावची साधी माणसे आहेत. सिमेंट म्हणजे धरणाचा आणि गटाराचा माल. त्यातून त्यांनी जिवंत कातडी काढली.

आणि तरीही या सगळ्या बाया पुरुषांनी घडविल्या. बाईने स्वतः बाईचे स्वप्न घडवावे ही गोष्ट आपल्याकडे उशिरा आली. मुंबईच्या पिलू पोचखानवाला (१९२३ ते १९८६) या त्या वाटेवरच्या आधीच्या. त्या कोणत्याही कलाशाळेत शिकल्या नाहीत. लोखंडाचे मोडीत निघालेले तुकडे जोडून त्यांनी शिल्पे उभी केली. मोडीतला माल भट्टीत न घालता त्याचे असेही करता येते हे पाहून आमचे मोल्डर थक्क होतील.

पण आजच्या विषयाला सर्वांत जवळचे काम शकुंतला कुलकर्णी यांचे आहे. धारवाडला १९५० साली जन्मलेल्या या बाई मुंबईत काम करतात. वेत विणणाऱ्या कारागिराच्या मदतीने त्यांनी वेताची चिलखते केली; डोक्यावरचे शिरस्त्राण, छातीवरचा पट्टा, कमरेपासून खाली घेरदार झगा. २०१२ साली मुंबईत ही शिल्पे मांडली गेली. बाईंनी ती स्वतः अंगात घालून मुंबईच्या सार्वजनिक जागांत उभे राहून छायाचित्रे काढविली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅरिसला दिओर कंपनीच्या कपड्यांच्या प्रदर्शनात त्यांचे काम मध्यभागी मांडले होते. लांबून पाहिले तर गोष्टीतली राजकन्या, जवळून पाहिले तर रणातली शिलेदार, आणि आणखी जवळ गेले की तो पिंजरा असतो. आत बाई आहे. वेत धातूसारखा टिकाऊ नाही. त्याला कीड लागते, तो वाळतो, तडकतो. चंद्रसूर्य असेतो टिकण्याची भाषा यात नाही. आतल्या बाईसारखेच तेही एक दिवस जाणारे आहे.

ही छायाचित्रे मी फोनवर आमच्या एका फौंड्रीतील कोअर विभागाच्या बायकांना जेवणाच्या सुट्टीत दाखविली. कोअर म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ओतीव वस्तूत जी पोकळी हवी असते तिच्या आकाराचा वाळूचा गोळा करून साच्यात ठेवतात. रस भोवती थिजला की तो गोळा फोडून बाहेर काढून टाकतात. हे नाजूक काम बहुधा बायका करतात. तर त्या बायका प्रथम पोटभर हसल्या. एकजण म्हणाली, ह्ये घालून भाकरी कशी थापायची? मग सर्वांत तरुण पोरगी, जी रोज दोन गाड्या बदलून येते, ती चित्र मोठे करून पाहत म्हणाली, "ह्ये घालून एस्टीत बसलं तर कुणी खेटणार न्हाई." त्यावर हसणे थांबले. एक प्रौढ बाई म्हणाली, "मला लहानपणी परीचा झगा पायजे हुता. त्यो असाच घेराचा." पुण्यामुंबईच्या टीकाकारांनी या कामावर जे लिहिले आहे ते मी यथाशक्ती वाचले; या दोन वाक्यांहून जास्त मला त्यात मिळाले नाही.

आता एक घरचीच गोष्ट सांगतो आणि थांबतो. २००९ साली एका कारखान्यात, नाव घेत नाही, रसाची लॅडल कलंडली आणि आमचा एक मोल्डर भाजून गेला. तीन दिवस इस्पितळात होता. साखळी झिजल्याची तक्रार आधी लेखी गेलेली होती. नुकसानभरपाईचा दावा पुढे चार वर्षे चालला, तो भाग वेगळा. आम्ही सोबत्यांनी वर्गणी काढून त्याचा दगड उभारायचे ठरविले. कारखान्याच्या फाटकाशी जागा मिळाली नाही. तेव्हा त्याच्या गावी, रस्त्याच्या कडेला, भावकीच्या जागेत. माझ्या डोक्यात बीडचे वीरगळ होतेच. मी पाथरवटाला म्हटले, तसाच करू, तीन पट्ट्यांचा. पाथरवट जुन्या घराण्यातला. तो म्हणाला, बाजूला मालकिणीचा हात पण काढतो, बांगड्या घालून, रिवाज आहे.

आम्ही तिला विचारायला गेलो. तिशीची बाई, दोन मुले, चुलीपुढे बसलेली. मी रीतसर समजावून सांगितले. तिने तवा उतरविला आणि म्हणाली, "भाऊ, माझा हात अजून भाकरी थापतोय. त्यो दगडात कशाला घालताय?" आम्ही गप्प झालो. मग तिनेच विचारले, बाकी काय काढणार? मी सांगितले, खाली भट्टी आणि लॅडल, मधे अप्सरा त्याला उचलून नेताना. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "पऱ्या नकोत. त्येला उचलून आणायला चौघं हुतीच की. ती काढा."

तसे केले. खालच्या पट्टीत भट्टी आहे. मधल्या पट्टीत चार माणसे पाचव्याला गोणपाटावर घेऊन चालली आहेत. त्यातला पुढचा डावीकडचा मी आहे, असे पाथरवट म्हणतो, पण नाक जमलेले नाही. चंद्रसूर्य ठेवले, कारण ते तिला चालत होते. वरची पट्टी काय काढायची ते तिने सांगितले नाही. मी दोनदा विचारले; ती म्हणाली, बघू. पुढे तिला आमच्याच एका कारखान्यात कोअर विभागात काम मिळाले, मुले शिकली, थोरली मुलगी आता परिचारिका आहे. पाथरवट वारला, त्याचा मुलगा भेटला की विचारतो, काका, तो वरचा कोरा भाग पुरा करायचा राहिलाय, कधी येऊ? मी त्याला तिच्याकडे पाठवतो. ती अजून बघू म्हणते.